आत्याबाईंच्या हातावरची तुळस

माझ्या लग्नात पंगती उठत होत्या तेव्हा सासूबाईंच्या थोरल्या बहिणीनं त्यांचा डावा हात धरला, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि अर्ध्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय गं, उगवली का तुळस?"

बायका हसल्या. सासूबाईंनी हात सोडवून घेतला आणि पदराखाली नेला. मी मुंडावळ्यांच्या आडून हे पाहिलं आणि मला वाटलं, कुणाच्या तरी अंगणातल्या रोपाची चौकशी चालली असेल. माझ्या आईलाही तसंच वाटलं. नगरला परत जाताना तिनं वडिलांना विचारलं म्हणे, यांच्याकडे तुळस लागत नाही की काय, आपल्याकडचं एखादं रोप पाठवावं का. आणि पुढच्याच महिन्यात तिनं खरंच पत्र्याच्या डब्यातून एक रोप पाठवलं. सासूबाईंनी ते अंगणात लावलं. लावताना माती जरा जास्तच जोरानं दाबली. सासरे मात्र गोठ्याच्या दारात उभे राहून इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मी त्या घरात नवीन होते. नवरा नगरला नोकरीला होता, शनिवारी येई आणि सोमवारी पहाटे जाई. दुसरी मोठी लढाई संपली होती तरी नगरात दोन खोल्या मिळत नव्हत्या, म्हणून ते वर्ष मी घोडेगावजवळच्या त्या खेड्यात सासू-सासऱ्यांपाशी काढलं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे आणि सासऱ्यांना मामंजी, त्या भागातल्या रिवाजाप्रमाणे. म्हणत असे म्हणजे मनातल्या मनात, कारण मी फारसं बोलतच नव्हते. माझे वडील नगरच्या लष्करी कॅम्पातल्या एका गोदामावर कारकून होते आणि त्यांनी मोठ्या हौसेनं मला तिथल्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. त्या शाळेनं मला पुष्कळ शिकवलं, पण चुलीपुढे बसलेल्या चार बायकांत काय बोलावं हे शिकवलं नाही. गावात काही दिवस असा समज होता की मी थोडी बहिरी आहे. तो समज खोडून काढावा असं मला कधी वाटलं नाही. बहिऱ्या माणसापुढे लोक मोकळेपणानं बोलतात.

त्यामुळे तुळशीची गोष्ट मला कुणी सांगितली नाही, ती मी ऐकली. आत्याबाई लहान असताना दोघी बहिणींना एकाच दिवशी गोंदायला बसवलं होतं. थोरलीनं हूं की चूं न करता आख्खं तुळशीवृंदावन गोंदवून घेतलं. धाकटीचं वृंदावन पुरं झालं, पायऱ्या झाल्या, दिव्याचा कोनाडा झाला, वर तुळशीचा दांडा निघाला, आणि तिथं ती गोंदणारणीच्या मनगटाला चावली आणि उठून ज्वारीत पळाली. पुन्हा ती सुईपुढे बसली नाही. वृंदावन तसंच राहिलं, वर एक उघडा दांडा घेऊन. आणि बहिणीनं भेटेल तेव्हा, बाळंतपणाला, बारशाला, एकदा तर तेराव्याला, पहिला प्रश्न तोच विचारला. मधे त्यांची लग्नं झाली, थोरली श्रीगोंद्याकडे उसाच्या बागायतीत पडली, दोघींच्या डोक्यावर पांढरे केस आले. प्रश्न मात्र बदलला नाही.

हे सगळं आत्याबाईंनी हसण्यावारी नेलं असतं. पण व्याह्यांसमोर विचारलं, आणि व्याह्यांनी रोप पाठवलं, हे त्यांना लागलं असावं. रोप चांगलं जगलं होतं. रोज सकाळी त्याला पाणी घालावं लागे, आणि रोज सकाळी मामंजी गोठ्यातून विचारत, "उगवली व्हय?"

चैत्र संपत आला तेव्हा एका दुपारी आत्याबाईंनी मला धान्याच्या कणगीमागे बोलावलं. वैशाखातल्या मोठ्या बैलबाजाराला बहीण आणि तिचे मालक येणार होते, त्यांना बैलजोडी घ्यायची होती.

"तुझ्या आईनं रोप धाडलं तवाच ठरीवलं मी," त्या म्हणाल्या. "आता हातावर बी लावायचं. अक्का येईल, दारातच इचारील. मी काय बी बोलनार न्हाई. नुसता हात म्होरं करनार."

मी मान डोलावली.

"पर तिनं इचारलं पायजे. न इचारता आपनच दावलं तर त्यात काय ऱ्हायलं? आन् तवर कुनाला कळता कामा नये. घरात सून आल्यावर सासू गोंदाया बसली म्हन्लं तर गाव मला जगू द्यायचं न्हाई. बाजारात एकानं शिंकलं तर श्रीगोंद्याला सर्दी हुती."

पुढच्याच आठवडी बाजाराला आम्ही मामंजींच्या बैलगाडीतून घोडेगावला गेलो. मामंजींना खरं कारण सांगावं लागलं, कारण त्यांच्यापासून लपवून बायकोला काही करता येत नसे, आपल्याला काही माहीत नाही असं ते फक्त दाखवत. ते बैलांकडे गेले. आम्ही बाजाराच्या कडेला, कडुलिंबाखाली बसलेल्या गोंदणारणीकडे गेलो. तिनं आत्याबाईंचा हात उलटा-पालटा करून पाहिला आणि विचारलं, ही अशी अर्धी कुणी सोडली.

"तुजी आजी आसंल," आत्याबाई म्हणाल्या. "चावले हुते मी तिला."

"आता चावनार आसशील तर आदी सांग."

काजळी आणि कसल्याशा पाल्याचा रस करवंटीत कालवून तिनं सुया हातात घेतल्या. आत्याबाईंनी माझी बोटं धरली आणि सांगितलं की काहीतरी बोलत राहा, इंग्रजीत बोल, म्हणजे समजून घ्यायच्या नादात दुखणं कळायचं नाही. मला त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. मी भूगोलात पाठ केलेल्या इंग्लंडातल्या नद्यांची नावं म्हणायला लागले. नद्या संपल्या की पहिल्यापासून. गोंदणारणीनं मधेच हात थांबवून विचारलं, हा कुठला मंत्र. आत्याबाई दातांवर दात ठेवून म्हणाल्या, "नगरचा." माझी बोटं त्यांनी अशी आवळली होती की अंगठीचा वळ बराच वेळ राहिला. पण त्या चावल्या नाहीत.

वृंदावनावर तुळस उभी राहिली. दोन्ही बाजूंना पानं, शेंड्याला तीन ठिपके. नवी रेघ काळीभोर होती आणि भोवतीची कातडी लालबुंद. जुनं वृंदावन वर्षानुवर्षांच्या उन्हानं हिरवट झालेलं होतं, त्यामुळे एखाद्या जुन्या घराच्या माथ्यावर नुकतंच कौल घातल्यासारखं दिसत होतं. गोंदणारणीनं वर हळद आणि खोबरेल चोपडलं आणि पथ्य सांगितलं. खपली आपली आपण पडेपर्यंत हात पाण्यात घालायचा नाही, शेणात घालायचा नाही, चुलीच्या धगीपाशी न्यायचा नाही. आंबट आणि वांगं बंद. आणि काही झालं तरी खाजवायचं नाही. खपली ओढून काढली तर रंग तिच्याबरोबर जातो, मग देवालाही तो परत आणता येत नाही.

गाडीत बसल्यावर आत्याबाई हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत होत्या. पाण्यात, शेणात आणि चुलीपाशी हात घालायचा नाही, म्हणजे मग माणसानं दिवसभर करायचं तरी काय, असा त्यांच्यापुढे प्रश्न होता. पहाटे सडा, मग शेणगोठा, मग धारा, मग चूल, आणि मधे कुठे मोकळा वेळ मिळाला तर त्या दुसऱ्याच्या घरी जाऊन तिथलं काम करत. त्यांना बसलेलं मी पाहिलं होतं ते फक्त जेवताना, आणि तेव्हाही एक गुडघा उभा.

"मला माझा भरवसा न्हाई," त्या अखेर म्हणाल्या. "तू ध्यान ठेव. मी इसरून हात घातला का मला बोल."

मी विचारलं, मी तुम्हांला कशी बोलू.

"इंग्रजीत बोल. मला कळायचं न्हाई, म्हंजी राग बी यायचा न्हाई."

अशा रीतीनं त्या घरातलं माझं बोलणं 'नो' या शब्दानं सुरू झालं. पहिल्या दिवशी मी तो इतका हळू म्हटला की आत्याबाईंचा हात शेणाच्या पाटीत मनगटापर्यंत जाऊन पोहोचला होता. बरं, तो उजवा निघाला. दुसऱ्या दिवशी आवाज थोडा वाढला. आणखी काही दिवसांत मी घंगाळापाशी 'नो', रांजणापाशी 'नो', ताकाच्या डेऱ्यापाशी 'नो' असं घरभर म्हणत फिरू लागले. आत्याबाईंना तो शब्द आवडला. मांजर दुधाकडे आलं की त्या मांजरालाही 'नो' म्हणत.

अडचण मामंजींपुढे येई. सासऱ्यांसमोर सुनेनं सासूला टोकायचं, तेही इंग्रजीत, हे माझ्याच्यानं होत नव्हतं. ते ओसरीवर बसून बाजारात विकायच्या बैलांची घुंगुरमाळ दुरुस्त करत. त्यांच्या ध्यानात आलं असावं की त्यांच्यासमोर मी तोंड उघडते आणि पुन्हा मिटते. त्यांनी काही विचारलं नाही. एकदा आत्याबाईंचा उजवा हात नकळत डाव्या हाताकडे सरकला, नखं दिसली, आणि मामंजींनी मान खाली घालूनच घुंगुरमाळ खळकन हलवली. आत्याबाई दचकल्या, हात मागे गेला.

"काय वो?"

"काय न्हाई. ढोर उसात शिरलं म्हन्लं."

तेव्हापासून माळ दुरुस्त होऊनही ती ओसरीवरच राहिली.

पहिले काही दिवस हात टम्म होता, कातडी ताणून चकाकत होती. मग सूज उतरली, रेघांवर पातळ खपली धरली आणि खाज सुरू झाली. ती काय चीज असते हे मला आत्याबाईंच्या चेहऱ्यावरून कळलं. उन्हाळा, घाम, आणि खाज. त्या हातावर फुंकर घालत, भोवतालच्या कातडीवर थापट्या मारत, हात वर धरून अंगणात फेऱ्या घालत, जसं काही कुणाला तरी लांबून बोलावत आहेत. बाळंतपणात इतका जीव कासावीस झाला नव्हता, असं त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या की हे तू ऐकलं नाहीस.

मी जुन्या धोतराच्या पट्ट्या उकळून, उन्हात वाळवून, तेलाचा हात फिरवून सैलसर बांधू लागले. लढाईच्या दिवसांत शाळेत आम्हांला ते शिकवलं होतं आणि एकमेकींच्या धडधाकट हातांना पट्ट्या बांधून आम्ही कंटाळलो होतो. खरा दुखरा हात मला पहिल्यांदाच मिळाला, म्हणून मी गाठ फार नीट बांधत असे. आत्याबाई म्हणत, "मडमनं मला शिपाई केलं." पण बांधून झाल्यावर त्या हात दूर धरून पाहत, आणि मला वाटतं त्यांना ते आवडत असे. त्यांच्या हाताची इतकी वास्तपुस्त आधी कुणी केली नसावी.

पट्टी मात्र लोकांना दिसली. आणि दिवस होते वाळवणाचे. गावातल्या बायका आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी जमून कुरडया घालत होत्या, आणि कुरडयांचा चीक शिजवताना ढवळायला आत्याबाईच लागत. गुठळी न होऊ देता तो चीक ढवळणं हे त्यांचं काम, त्यात दुसरी कुणी हात घालत नसे. त्या गेल्या नाहीत तेव्हा बायका चौकशीला आल्या. हाताला काय झालं? आत्याबाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि सांगून टाकलं, तव्यावर भाजलं.

याच्याइतकी चुकीची थाप त्यांना शोधूनही सापडली नसती. त्या गावात भाजलेल्या माणसाला एकटं सोडत नाहीत. दुपारपर्यंत ओसरीवर कोरफडीचे फाटे येऊन पडले. कुणी मध पाठवला, कुणी कांद्याचा रस, कुणी शाळामास्तरांकडून शाईची दौत मागून आणली, कारण भाजल्यावर शाई लावली की फोड येत नाही. शाई पाहून आत्याबाईंना हसू आवरेना. त्या तोंडावर पदर धरून आत गेल्या, आणि बायकांना वाटलं की बिचारीला कळ आली.

शेवटी वरच्या आळीच्या काकी आल्या. काकी नात्यानं आत्याबाईंच्या धाकट्या जाऊ लागत, पण गावातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांची थोरली जाऊ असल्यासारखी हुकमत होती. त्यांनी वाटीत चुन्याची निवळी खोबरेलात फेटून आणली होती. त्यांना नुसती देऊन जायचं नव्हतं, आपल्या हातानं लावून जायचं होतं. त्या ओसरीवर, जमलेल्या बायकांत, आत्याबाईंपुढे फतकल मारून बसल्या, मांडीवर त्यांचा हात घेतला आणि गाठ सोडायला लागल्या.

आत्याबाई म्हणाल्या, ऱ्हाऊ दे की. काकी म्हणाल्या, "गप बसा बाई, ल्हान हाय का तुमी?"

मी आत चुलीपाशी होते, तिथून ओसरी दिसत होती. पट्टीचा एक वेढा सुटला, दुसरा सुटला. निवळी लागली तर कोवळ्या खपलीचं काय होईल ते मला माहीत नव्हतं, आणि पट्टी सुटली तर गावभर काय होईल ते चांगलं माहीत होतं. आत्याबाई माझ्याकडे पाहत होत्या. त्या नजरेत सासूपण अजिबात नव्हतं. मी 'नो' म्हणायला तोंड उघडलं, आणि निघालं ते मराठी.

"काकी, तो हात माझ्या ताब्यात आहे. त्याला कुणी काही लावायचं नाही."

ओसरीवरच्या साऱ्या माना चुलीकडे वळल्या. मी बहिरी तर नव्हतेच, मुकीही नव्हते, हे कळायला बायकांना थोडा वेळ लागला. काकींनी हात खाली ठेवला, वाटी उचलली, आणि आत्याबाईंकडे अशा दयेनं पाहिलं की तसं मी फक्त पांजरपोळातल्या गाईकडे पाहताना लोकांना पाहिलं होतं. त्या गेल्यावर मी गाठ पुन्हा बांधली. घाईत ती काही नीट आली नाही. आत्याबाईंनी ती वाकडी गाठ निरखली. मग म्हणाल्या, "ताब्यात हाय, व्हय?" आणि बायका आल्यावर माळ घेऊन गोठ्याकडे सरकलेल्या मामंजींनी ती तिथून वाजवली, खरं तर तेव्हा कुणीच खाजवत नव्हतं.

एवढं करूनही एक पान गेलं. आमच्याच घरच्या कुरडयांच्या दिवशी. चीक दुसऱ्या कुणी ढवळला, गुठळ्या झाल्या, आणि त्या बघवेनात म्हणून आत्याबाई उठून कणगीमागे गेल्या. मी मागोमाग गेले तर त्या खांबाला पाठ लावून उभ्या होत्या आणि हात मागे होता. खांबाला घासला होता. मी हात पुढे केला. पाटी फुटलेल्या मुलीनं पाटी दाखवावी तसा त्यांनी तो दाखवला. डावीकडच्या एका पानावरची खपली अर्धी निघाली होती.

"आपोआप पडली," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहत राहिले.

"वाऱ्यानं," त्या म्हणाल्या.

बाकीची पानं मग आपली आपण मोकळी होऊ लागली. खपलीखालून आधी राखाडी, मग दिवसादिवसानं गडद रेघ वर येत होती. ते एक पान मात्र फिकट राहिलं. आत्याबाई हात उन्हात धरून विचारत, लांबून कळतं का. मी सांगत असे, लांबून नाही. अक्का लांबून बघनार न्हाई, असं त्या म्हणत आणि पुन्हा पट्टी बांधायला हात पुढे करत.

बैलबाजाराला अजून अवकाश होता तेव्हा एका सकाळी दारात बहीण उभी राहिली. एकटीच. मालक बाजाराच्या दिवशी येणार होते. ही प्रवासी सर्व्हिस मोटारीनं नगरला, तिथून दुसऱ्या मोटारीनं घोडेगावला, आणि पुढे कुणाच्या तरी गाडीत बसून आली होती. काखेत गुळाची ढेप आणि हातात तुपाचा तांब्या. ओसरीवरून काकींनी वाटीसकट जे नेलं होतं ते बाजारच्या माणसांबरोबर श्रीगोंद्यापर्यंत पोहोचलं होतं, आणि पोहोचता पोहोचता वाढलं होतं. नगरच्या सुनेनं सासूचा हात तव्यावर धरला, वरून फडक्यानं बांधून ठेवला, आणि कुणाला औषधसुद्धा लावू देत नाही.

आत्याबाई उंबऱ्यात आल्या. त्यांचा चेहरा लग्नाच्या दिवशीही मी इतका उजळलेला पाहिला नव्हता. पट्टीचा हात पदराखाली तयार होता. त्या प्रश्नाची वाट पाहत होत्या.

प्रश्न आला नाही. बहीण त्यांच्यावरून नजर काढून माझ्याकडे वळली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तूच का ती?"

मी वाकून पाया पडले. आशीर्वाद मिळाला नाही.

मग पाणी झालं, चहा झाला. बहिणीनं गुळाची ढेप माझ्या हातात न देता स्वतः उठून फडताळात ठेवली. भाजलं कसं, कधी, किती, याचीच विचारपूस. आत्याबाईंची उत्तरं तुटक होत चालली. त्यांना राग येत होता, पण कशाचा ते सांगता येत नव्हतं. त्यांनी विषय वळवून पाहिला. उन्हाळा फार आहे, झाडं करपून चाललीत. बहिणीनं हूं केलं. आपल्या अंगणात मात्र बरं आहे. बहिणीनं तेही सोडून दिलं. शेवटी आत्याबाईंनी लाज सोडली.

"अंगनातली तुळस बघितली का अक्का? लई फुटलीया."

"मरू दे ती तुळस," बहीण म्हणाली. "हात दाव."

आत्याबाईंचं तोंड उघडं राहिलं. आयुष्यभर ज्या प्रश्नानं त्यांना पळवलं, तो आज त्या हात धरून दारात आणू बघत होत्या आणि तो आत यायला तयार नव्हता. मामंजी ओसरीवर पाठमोरे बसले होते. त्यांचे खांदे हलत होते.

बहिणीनं हात ओढून मांडीवर घेतला. मी एक पाऊल पुढे टाकलं, पण आत्याबाईंनी डोळ्यांनी मला थांबवलं. गाठ सुटली. मी नीट बांधलेली होती, तरी तिनं ती एका ओढीत सोडली. वेढे खाली पडले.

ती बघत राहिली. मग तिनं डोळे पुसून पुन्हा पाहिलं. भाजलेलं कुठं आहे हे शोधत तिचं बोट पायऱ्यांवरून कोनाड्यावर, कोनाड्यावरून दांड्यावर आलं, दांड्यावरून वर गेलं आणि शेंड्याच्या खपलीपाशी पोहोचलं.

"नो," आत्याबाई म्हणाल्या.

बोट थांबलं. त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बहिणीनं आपला डावा हात शेजारी आणून ठेवला. त्यावरचं वृंदावन आणि त्यावरची तुळस दोन्ही इतकी विटली होती की कुठे कातडी संपते आणि कुठे पान सुरू होतं ते कळत नव्हतं. 

"आता मी काय इचारू गं तुला?" ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. मांडवातला तो आवाज याच बाईचा, हे खरं वाटेना.

आत्याबाईंनी इतके दिवस काय काय ठरवलं असेल, पण त्यात हा प्रश्न नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.  जिंकल्यासारखं काहीच दिसत नव्हतं त्यांच्या चेहऱ्यावर. उलट काहीतरी हातचं गेल्यासारखं दिसत होतं, आणि ते आपणच घालवलं हे आत्ता कळल्यासारखं.

बहिणीनं नाक ओढलं. मग तिनं हात उचलून दाराच्या उजेडाकडे नेला. डोळे बारीक केले. हळूहळू तिच्या तोंडावर जे आलं ते मी एकदा मांडवात पाहिलेलं होतं.

"ह्ये पान वाळलंय," ती म्हणाली.

"कुटं?"

"ह्ये काय, डावीकडचं. पानी घालीत न्हवतीस व्हय गं तुळशीला?"

ओसरीवर घुंगुरमाळ अशी वाजली की गोठ्यातले बैल उठून उभे राहिले. पाणी. इतके दिवस मी त्या हाताला पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता, रांजणापाशी, घंगाळापाशी घसा बसेपर्यंत 'नो' म्हटलं होतं. माझ्या तोंडून हसू फुटलं ते मला आवरेना. आत्याबाई आधी रागानं लाल झाल्या, मग त्याही हसायला लागल्या, आणि हसता हसता बहिणीच्या दंडावर चापट्या मारत राहिल्या, त्याच हातानं, खपली-बिपली सगळं विसरून. बहीण म्हणत होती की पुढच्या खेपेला येईन तेव्हा बघते, हे पान हिरवं झालं का.

नंतर तिनं मला जवळ बोलावलं. गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला, आणि ठेवता ठेवता माझा हात धरून बांगड्या वर सारल्या. हात कोरा होता.

"अगं, हिच्याकडं तर वृंदावन बी न्हाई," ती आत्याबाईंना म्हणाली.

मी हात मागे घेतला आणि पदराखाली नेला.  आत्याबाईंनी माझ्याकडे पाहून 'नो' म्हटल्यासारखी मान किंचित हलवली आणि उठल्या. पट्टी काढलेला हात घेऊन त्या सरळ रांजणाकडे निघाल्या होत्या. मी म्हटलं, "आत्याबाई, अजून नाही." मामंजी समोरच बसले होते.